वाताशी, बोकू आणि आमचे मालक

इंदापूर तालुक्यातल्या कुठल्याही घरातून माणूस बाहेर पडताना काय म्हणतो? "येतो." निघालाय जायला, पण तोंडातून शब्द निघतो येण्याचा. चुकून कुणी "जातो" म्हणालंच तर घरातली म्हातारी माणसं लगेच दटावतात. आता तोक्योतल्या एखाद्या घरात डोकावा. शाळेला निघालेला पोरगा उंबऱ्याशी बूट चढवता चढवता ओरडतो, "इत्ते किमासु!" शब्दाला शब्द लावला तर अर्थ होतो "जाऊन येतो". आतून आईचा आवाज येतो, "इत्तेराश्शाय", म्हणजे "जाऊन ये". दोन्ही घरांत एक शब्द कुणीच उच्चारलेला नाही. तो म्हणजे "मी".

आणि जपानीचं कुठलंही प्राथमिक पुस्तक उघडा, पहिल्याच पानावर हाच न उच्चारलेला शब्द दत्त म्हणून उभा असतो. "वाताशी वा पाटील देसु." मी पाटील आहे. शिकणारा तो घोकतो आणि पुढे प्रत्येक वाक्याची सुरुवात वाताशीने करू लागतो. वाताशी सकाळी उठतो, वाताशी चहा पितो, वाताशी एसटीने जातो. व्याकरणात काहीच चूक नसते. ऐकणाऱ्या जपानी माणसाला मात्र हा गृहस्थ सारखा स्वतःचीच टिमकी वाजवतोय असं वाटतं. आपल्याकडे याला "मीपणा" म्हणतात.

हा विषय आता बारामती-इंदापूरच्या पोरांच्या पोटापाण्याचा होऊ लागला आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ या ठिकाणी जपानी अनेक वर्षं शिकवली जाते, पण ती बहुतेक भाषाप्रेमींची आणि संगणकवाल्यांची होती. २०१७ मध्ये तांत्रिक प्रशिक्षणार्थींबाबत आणि जानेवारी २०२१ मध्ये 'विशिष्ट कुशल कामगार' योजनेबाबत भारत-जपान करार झाले. वृद्धांची शुश्रूषा, शेती, अन्नप्रक्रिया, बांधकाम अशा कामांची दारं त्यामुळे उघडली. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही सरकारांनी पाच वर्षांत भारतातून ५०,००० कुशल माणसं जपानला जावीत असं उद्दिष्ट ठरवलं. उसाच्या आणि डाळिंबाच्या पट्ट्यातल्या मुलाला शेती शिकवावी लागत नाही, भाषा मात्र शिकावी लागते. आणि ती त्याला बहुतेक वेळा इंग्रजीच्या खिडकीतून दाखवली जाते. मला हा उलटा घास वाटतो. तोंड समोर असताना हात डोक्यामागून कशाला न्यायचा?

कारण वाक्य बघा. "वाताशी वा इंदापुरु कारा किमाशिता." वाताशी म्हणजे मी, कारा म्हणजे हून किंवा पासून, किमाशिता म्हणजे आलो. मी इंदापूरहून आलो. एकही शब्द जागचा हलवावा लागत नाही. कर्ता आधी, क्रियापद शेवटी, आणि विभक्तीचा प्रत्यय नामाच्या शेपटीला, जसा आपल्याकडे. "नो" म्हणजे चा-ची-चे, "नि" म्हणजे ला किंवा त, "मो" म्हणजे सुद्धा. "वाताशी मो" याचं बारामतीकडचं भाषांतर "मी बी". प्रश्न विचारायचा असेल तर वाक्याच्या शेवटी "का" लावायचा. "इकिमासु का?" म्हणजे "जाता का?" दुजोरा हवा असेल तर "ने", आपला "ना". आणि होकार द्यायचा तर "हाय". आमच्या भागात "हाय का घरी?" असं विचारलं की उत्तर तेच येतं. या ध्वनिसाम्याला काही ऐतिहासिक नातं नाही, निव्वळ योगायोग आहे. वाक्याची घडण सारखी असणं मात्र रोजच्या कामाचं आहे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे सगळं उलटं करून लक्षात ठेवावं लागतं, आपल्याला नाही.

जाता जाता गावांच्या नावांचं. जपानीत "न" सोडला तर शब्द व्यंजनावर संपत नाही, म्हणून इंदापूरला "उ"ची शेपटी फुटते. भिगवणमधला "भ" त्यांच्याकडे नाही, "ण" नाही. बारामती हे नाव मात्र मोकळ्या स्वरांचं, जवळजवळ जसंच्या तसं जातं. तेवढा "ती" अडतो. जपानी वर्णमालेत मुळात "ती" नाही, तिथे "ची" आहे. इंग्रजीतला "टीम" त्यांच्याकडे "चीमु" झाला तो त्यामुळेच. आता परदेशी नावांसाठी "ति" लिहिण्याची वेगळी सोय आहे, नाहीतर बारामतीची बारामाची झाली असती. आणि ती वर्णमाला तरी कशी? स्वर अ, इ, उ, ए, ओ, आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम संस्कृतचा आहे. सिद्धम् लिपी अभ्यासणाऱ्या बौद्ध भिक्षूंमुळे तो तिकडे रुजला. "प"च्या जागी "ह" दिसतो, कारण आजच्या "ह"चा जुना उच्चार "प" होता.

परत "मी"कडे येऊ. आपण "मी" गाळतो तेव्हा आपलं क्रियापद सांभाळून घेतं. "जातो" म्हटलं की बोलणारा पुरुष आणि एकटा, "जाते" म्हटलं की बाई. बारामतीच्या आसपास जुन्या बायका "मी येती" म्हणतात, कोल्हापूरकडच्या मुली बिनधास्त "मी जातो" म्हणतात, तरी ते कोण बोलतंय हे कळतंच. जपानी क्रियापद असं काहीच सांगत नाही. "इकिमासु" म्हणजे जातो, जाते, जातोस, जाता, जातात, जाईन, जाईल, सगळं एकच. पुरुष नाही, वचन नाही, लिंग नाही. तरीही ते लोक "मी" गाळतात. मग कळतं कसं?

काही वेळा विशेषणच चुगली करतं. "सामुइ" एवढंच म्हटलं की अर्थ "मला थंडी वाजतेय". दुसऱ्याला वाजत असेल तर "सामुसोउ", म्हणजे "वाजत असावी असं दिसतंय", असंच म्हणावं लागतं. परक्याच्या अंगातली थंडी तुम्हाला कशी कळणार, असा त्या भाषेचा सरळ हिशेब आहे. इच्छेचंही तेच. "इकिताइ" म्हणजे "जायचंय". मराठीतही "जायचंय" म्हणताना "मला" म्हणावंच लागतं असं नाही. "आतामा गा इताइ", म्हणजे "डोकं दुखतंय". डोकं कुणाचं, हे मराठीतही सांगावं लागत नाही.

आणि मग "वा". पुस्तकं हा कर्त्याचा प्रत्यय असल्यासारखा शिकवतात, पण तो आहे "म्हणाल तर" या अर्थाचा. "वाताशी वा" म्हणजे "माझं म्हणाल तर". हे समजावायला जपानी व्याकरणकार एक प्रसिद्ध वाक्य वापरतात, "बोकू वा उनागी दा". शब्दशः "मी उनागी आहे". उनागी म्हणजे गोड्या पाण्यातला सापासारखा लांब मासा, आपल्याकडच्या वामीसारखा. ओकुत्सु केइइचिरो यांनी १९७८ मध्ये या एका वाक्याच्या नावाने व्याकरणाचं अख्खं पुस्तक लिहिलं. इंग्रजीतून शिकणारा इथे डोकं खाजवत बसतो. भिगवणला उजनीचे मासे खायला बसलेल्या माणसाला त्यात काहीच नवल नाही. वेटर येतो, कुणी म्हणतं "मी चिलापी", दुसरा म्हणतो "मी वाम". वेटर निमूट लिहून घेतो. माणूस मासा झाला असं त्याच्या मनातही येत नाही.

आता खरी गंमत. आपण लिंग आणि नातं क्रियापदात ठेवलं, जपान्यांनी ते "मी"मध्येच भरलं. म्हणून त्यांच्याकडे एक "मी" पुरत नाही. वाताशी हा बाई-पुरुष दोघांचा, सभ्य, कुठेही चालणारा. वाताकुशी त्याहून कडक इस्त्रीचा, समारंभातला. मित्रांत बसलेला पुरुष स्वतःला बोकू म्हणतो किंवा ओरे म्हणतो. बोकू जरा मऊ, शाळकरी, ओरे रांगडा. आताशी बायकांचा, घरगुती. वाशी म्हाताऱ्या पुरुषांचा, विशेषतः कथा-सिनेमातल्या. नवी मुंबईच्या वाशीशी त्याचा संबंध नाही. ईशान्य जपानच्या खेड्यांत वयस्कर बायकाही स्वतःला ओरे म्हणतात, आणि शहरी जपानी माणसाला ते ऐकताना तसंच वाटत असावं जसं पुण्याच्या माणसाला कोल्हापूरच्या मुलीचं "मी जातो" ऐकताना वाटतं.

माकोतो शिनकाइ यांच्या २०१६ च्या 'किमि नो ना वा' या चित्रपटात खेड्यातली मुलगी तोक्योतल्या मुलाच्या शरीरात जागी होते. त्याच्या मित्रांशी बोलताना सवयीने ती "वाताशी" म्हणते. मित्र चमकतात. ती घाईने "वाताकुशी" म्हणते, ते आणखीच बुचकळ्यात. मग "बोकू". अजून शंका. शेवटी "ओरे" म्हटल्यावर सगळे माना डोलावतात. चार शब्द, चारही वेळा अर्थ "मी". इंग्रजीत हा विनोद करायला जागाच नाही. मराठीत मात्र तो सहज जमेल. "मी रस्ता चुकले… चुकलो!" एवढंच करायचं. आपला विनोद क्रियापदात घडेल, त्यांचा सर्वनामात घडला.

या शब्दांची कुळंही ऐकण्यासारखी आहेत. बोकू ज्या चिनी अक्षराने लिहितात त्याचा मूळ अर्थ चाकर. पत्राच्या शेवटी आपण "आपला दास" किंवा "आपला आज्ञाधारक" लिहितो त्याच जातीचा हा शब्द. मेइजी काळात, म्हणजे १८६८ ते १९१२ च्या दरम्यान, शिकणाऱ्या तरुणांनी तो उचलला आणि चाकराचा साधा "मी" झाला. वाताशीच्या अक्षराचा अर्थ खासगी, सार्वजनिकाच्या उलट. गंमत अशी की सरकारी अक्षरयादीत या अक्षराचं वाचन कित्येक वर्षं फक्त "वाताकुशी" होतं. २०१० साली २,१३६ अक्षरांची सुधारित यादी आली तेव्हा कुठे "वाताशी"ला अधिकृत मान्यता मिळाली, आणि ओरेचं अक्षरही त्याच वेळी यादीत शिरलं. करोडो लोक जे रोज बोलत होते ते सरकारदरबारी पोचायला एवढा वेळ लागला. सगळ्यात एकटा "मी" सम्राटाचा, "चिन". चीनच्या पहिल्या सम्राटाने इसवी सनपूर्व २२१ मध्ये तो स्वतःपुरता राखून ठेवला, आणि तिथून तो जपानच्या गादीवर आला. १५ ऑगस्ट १९४५ ला रेडिओवरून ऐकवलेल्या शरणागतीच्या निवेदनात सम्राट हिरोहितो स्वतःला चिनच म्हणाले.

आपल्याकडे सर्वनामं थोडी असली तरी आपणही काही कमी नाही. जुन्या पत्रांत सरदार स्वतःला "आम्ही" म्हणत. गमतीत लिहिणारे "अस्मादिक" होतात. अर्जात माणूस "खाली सही करणार" होतो. आणि "आपण" हा शब्द घ्या. तो आदराने "तुम्ही" आहे, सगळ्यांना धरून "आम्ही" आहे, आणि "स्वतः" तर आहेच. जपानीत याचा जुळा भाऊ आहे, जिबून. मूळ अर्थ स्वतः. काही पुरुष तो "मी" म्हणून वापरतात, आणि ओसाकाकडे गेलात तर समोरचा तुम्हालाच जिबून म्हणेल, म्हणजे "तू". "आम्ही" आणि "आपण" यांतला फरक मात्र जपानीत रोजच्या बोलण्यात नाही. "वाताशी-ताचि" म्हणजे ऐकणाऱ्याला धरून की सोडून, ते प्रसंगावरून ओळखायचं. फक्त दुकानदार गिऱ्हाइकाशी नम्रपणे "वाताकुशी-दोमो" म्हणतो तेव्हा त्यात गिऱ्हाईक नसतं. तो आपला "आम्ही".

घरात शिरलं की साम्य आणखी दाटतं. "उची" म्हणजे घर, आतली बाजू. "उची नो काइशा" म्हणजे आमची कंपनी, "उची नो हितो" म्हणजे अक्षरशः आमच्या घरचं माणूस, अर्थात आमचे हे. स्वतःच्या बायकोला जपानी पुरुष "कानाय" म्हणत आले. अक्षरार्थ घराच्या आत. आपल्याकडच्या जुन्या माणसांचं "आमचं कुटुंब" किंवा "घरातली" आठवा. आणि जपानी बाई परक्याशी नवऱ्याबद्दल बोलताना "शुजिन" म्हणते. शुजिन म्हणजे मालक. बारामतीच्या बाजारात भाजी निवडणाऱ्या बाईला "आमचं मालक" म्हणताना ऐकलेल्या माणसाला हा शब्द पाठ करावा लागेल का? आता तिकडच्या तरुण मुलींना तो खटकतो आणि त्या "ओत्तो", म्हणजे नुसता नवरा, असं म्हणू लागल्यात. इकडेही मालकांचे दिवस फिरलेतच.

समोरच्याला "तू" किंवा "तुम्ही" म्हणायचं झालं तर पुस्तक "आनाता" शिकवतं. तो शब्द शिक्षकाला किंवा साहेबाला वापरू नका. मूळ अर्थ "पलीकडची बाजू", आणि आजही बायको नवऱ्याला हाक मारताना तो वापरते. नाव न घेता, दिशा दाखवून मारलेली हाक. आपलं "अहो" याहून वेगळं काय आहे? परक्याला "आनाता" म्हणणं आगाऊपणाचं, म्हणून नाव घ्यावं आणि पुढे "सान" लावावं. शिक्षकाला "सेन्सेइ" म्हणावं. स्वतःच्या नावाला सान लावू नये, हे वर्गात पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. आमच्याकडे फोनवर "मी अमुकसाहेब बोलतोय" म्हणणारे आहेत, त्यांनी जास्त जपावं.

अनोळखी माणसाला जपानी लोक ओजिसान म्हणतात, म्हणजे काका. म्हातारीला ओबाआसान, आजी. एसटीच्या कंडक्टरला काका म्हणणाऱ्याला हे शिकवायला नको. सुझुकी ताकाओ या भाषाभ्यासकाने १९७३ च्या आपल्या पुस्तकात एक नियम मांडला, की घरात मोठा माणूस धाकट्याशी बोलताना स्वतःला नात्याने संबोधू शकतो, धाकटा मोठ्याशी तसं करू शकत नाही. आई म्हणते "आई देईल हं". पण "मुलाला भूक लागली" असं कुणी पोरगं आईला म्हणत नाही. फार तर लहान असेल तर स्वतःचं नाव घेऊन "सोनूला पाहिजे" म्हणतं. सुझुकींनी नियम जपानीसाठी लिहिला, तो माळेगावच्या किंवा निमगाव केतकीच्या घरात जसाच्या तसा लागू पडतो. शाळेतले गुरुजीही "सर काय म्हणाले होते?" असं स्वतःबद्दलच विचारतात. जपानी मास्तरही स्वतःला सेन्सेइ म्हणतो.

रोजची वाक्यंही मराठीतूनच लवकर उमगतात. पहिल्या भेटीत स्वतःची ओळख सांगून झाली की "योरोशिकु ओनेगाय शिमासु" म्हणतात. इंग्रजीत याचं भाषांतर करताना भल्याभल्यांची दमछाक होते. आपल्या पत्रांच्या शेवटी होतं ना, "लोभ असावा"? तेच. काम संपल्यावर सहकाऱ्याला "ओत्सुकारेसामा". त्यात दमण्याचा धातू आहे, म्हणजे "दमलात हो". "सुमिमासेन" माफीलाही चालतं, आभारालाही, आणि हॉटेलात वेटरला बोलवायलाही. "ताबेते मिरु" म्हणजे खाऊन बघणं, आणि मिरु म्हणजे खरोखरच बघणं. "कात्ते ओकु" म्हणजे घेऊन ठेवणं, आणि ओकु म्हणजे ठेवणंच. हजारो मैलांवरच्या, वेगळ्या कुळातल्या भाषेने "करून बघ" आणि "करून ठेव" ही आपली ठेवण कुठून आणली, असं वाटावं इतकं हे चपखल आहे.

तेव्हा शिकणाऱ्याला माझं सांगणं एवढंच. सगळे "मी" ओळखायला शिका, बोलायला एकच ठेवा, वाताशी. मुलाखतीत पहिल्या वाक्यात तो एकदा म्हणा आणि मग मराठीत करता तसं सोडून द्या. ओरे जाऊन राहिल्याशिवाय तोंडात आणू नका. जपानी चित्रपट बघून तो शिकलेला पोरगा मुलाखतीत ओरे म्हणाला, तर ते सरपंचाच्या कचेरीत शिरून "आपुन आलोय" म्हटल्यासारखं होईल. आणि जपानी वाक्य जुळवताना मनात आधी इंग्रजी आणू नका. घरी जसं बोलता तसं वाक्य धरा आणि शब्द बदला. शिकवणाऱ्यांनीही फळ्यावर इंग्रजीऐवजी मराठी वाक्य लिहून पाहावं.

जपानी भाषेची जेएलपीटी परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. पुण्यात तिचं केंद्र आहे, एन-५ ही पहिली पायरी आणि एन-१ ही शेवटची. तिच्यात बोलण्याची चाचणी नाही. एकदाही तोंडाने वाताशी न म्हणता माणूस एन-१ पर्यंत पोचू शकतो.